राजीनामा म्हणजे हिशेब नव्हे: मुंदडा प्रकरण आणि बाबासाहेबांनी आपल्या हाती दिलेली साधने

शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत पाळी करणाऱ्या कामगाराच्या पगारातून दर महिन्याला काय काय कापले जाते, ते आपल्याला पाठ आहे. भविष्य निर्वाह निधी जातो, ईएसआय जाते, आणि ज्याने पॉलिसी काढली आहे त्याचा एलआयसीचा हप्ता जातो. भट्टीच्या धगीसमोर उभे राहून मिळवलेल्या पैशातला हा वाटा आज हातात येत नाही. तो कुठेतरी जमा होतो, गुंतवला जातो, आणि त्याचा निर्णय आपण कधीच न पाहिलेली माणसे घेतात. अर्थखात्याचा सचिव, महामंडळाचा अध्यक्ष, मंत्री अशी ही माणसे. या उच्चपदस्थांना जाब कोण विचारणार? आणि कसा विचारणार?

या प्रश्नावर आपल्याकडे दोन उत्तरे तयार असतात. पहिले उत्तर असे की सगळेच चोर आहेत, विचारून उपयोग नाही. दुसरे असे की कोणीतरी स्वच्छ माणूस येईल, उपोषणाला बसेल आणि देश साफ करील. आम्हाला ही दोन्ही उत्तरे मान्य नाहीत. पहिले उत्तर माणसाला लाचार करते आणि दुसरे भक्त बनवते. आंबेडकरी चळवळीचे उत्तर तिसरे आहे आणि ते संविधानात लिहिलेले आहे. सभागृहात प्रश्न, हिशेबाची तपासणी, उघडी चौकशी, आणि चौकशीचा अहवाल लोकांच्या हातात. हे उत्तर एकदा या देशात, आपल्याच मुंबईत, प्रत्यक्षात उतरले होते. तो इतिहास आपल्या तरुणांना माहीत असायला हवा, आणि तो अर्धवट का राहिला हेही.

विमा ही बाबासाहेबांची मागणी होती

१९४७ साली अनुसूचित जाती फेडरेशनच्या वतीने बाबासाहेबांनी संविधान सभेसाठी एक निवेदन तयार केले. ते ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या नावाने प्रसिद्ध आहे. त्यात मूलभूत उद्योग आणि शेती सरकारच्या मालकीची असावी, ही मागणी आपण भाषणांत नेहमी सांगतो. पण त्याच निवेदनात विम्याचीही मागणी आहे, तिचा उल्लेख फारसा होत नाही. विमा हा फक्त सरकारचा व्यवसाय असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाने आपल्या कमाईच्या प्रमाणात आयुर्विमा काढलाच पाहिजे असा कायदा असावा, असे बाबासाहेबांनी मांडले. हेतू सरळ होता. ज्याच्याकडे जमीन नाही, वतन नाही, सावकारीचा गल्ला नाही, त्याच्या कुटुंबामागे काहीतरी उभे असावे. आणि त्याच विम्याचा पैसा देशाच्या उद्योगउभारणीला मिळावा.

जानेवारी १९५६ मध्ये अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण जाहीर केले. २४५ विमा कंपन्या आणि संस्था एकत्र करून १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ, म्हणजे एलआयसी, सुरू झाले. नागपूरच्या धम्मदीक्षेला तेव्हा दीड महिना उरला होता, महापरिनिर्वाणाला तीन महिने. सक्तीच्या विम्याची मागणी मान्य झाली नाही, पण विम्याचा पैसा खासगी शेठजींच्या हातातून सुटून लोकांचा झाला.

वर्षही पूर्ण झाले नाही तोच त्या पैशावर पहिला घाव पडला.

सव्वा कोटींचा व्यवहार

कलकत्त्याच्या बाजारात हरिदास मुंदडा नावाचा एक व्यापारी होता. कंपन्या ताब्यात घेणे आणि शेअरवर सट्टा खेळणे हा त्याचा धंदा. १९५७ मध्ये तो अडचणीत आला होता. जून १९५७ च्या शेवटच्या आठवड्यात एलआयसीने मुंदडाशी संबंधित सहा कंपन्यांचे शेअर विकत घेतले. त्यात रिचर्डसन क्रुडास, जेसप्स, ब्रिटिश इंडिया कॉर्पोरेशन अशी नावे होती. रक्कम सुमारे सव्वा कोटी रुपये. त्या काळात हा आकडा प्रचंड होता.

एलआयसीची स्वतःची गुंतवणूक समिती होती. कुठे पैसे घालायचे याचा सल्ला तिने द्यायचा होता. या व्यवहारात त्या समितीला आधी विचारलेच नाही. बोलणी झाली ती मुंदडा, अर्थखात्याचे प्रधान सचिव एच. एम. पटेल आणि एलआयसीचे अध्यक्ष जी. आर. कामत यांच्यामध्ये. विमेदाराच्या पैशाने एका सट्टेबाजाचा डोलारा सावरला गेला.

इथे थोडे थांबून एक गोष्ट नोंदवू. भ्रष्टाचाराचा विषय निघाला की आजही काही लोकांचे बोट आरक्षणातून आलेल्या अधिकाऱ्याकडे वळते. ‘गुणवत्ता नसली की असेच होणार’, असे कुजबुजत सांगितले जाते. स्वतंत्र भारताला हादरवणारा हा आर्थिक घोटाळा ज्यांच्या टेबलावर शिजला ते आयसीएस होते. ज्या परीक्षेचे गोडवे गुणवत्तेच्या नावाने गायले जातात तीच परीक्षा पास झालेले. आम्ही कोणाची जात काढत नाही. एवढेच सांगतो की सत्ता आणि पैसा एका खोलीत असले आणि त्या खोलीला खिडकी नसली, की गुणवत्ता कामाला येत नाही. खिडकी पाहिजे.

लाऊडस्पीकरवर ऐकलेली चौकशी

ही खिडकी उघडली लोकसभेने. सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नांना सरकारकडून त्रोटक उत्तरे मिळाली. मग १६ डिसेंबर १९५७ रोजी फिरोज गांधी बोलायला उभे राहिले. ते विरोधी पक्षाचे नव्हते. काँग्रेसचे खासदार होते, पंतप्रधान नेहरूंचे जावई होते. तरी त्यांनी आपल्याच सरकारच्या अर्थमंत्र्यासमोर तारखा, किमती आणि व्यवहारांची जंत्री मांडली. लोकसभा लोकांच्या पैशाच्या सर्वात मोठ्या संस्थेवर लक्ष ठेवणार नाही तर कशावर ठेवणार, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता.

सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. जानेवारी १९५८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा एकसदस्यीय आयोग नेमला गेला आणि सुनावणी मुंबईत सुरू झाली. छागलांनी ती उघडपणे घेतली. ऐकायला इतकी गर्दी झाली की बाहेर उभ्या असलेल्या लोकांसाठी लाऊडस्पीकर लावावे लागले. देशाचा अर्थमंत्री साक्षीला आला. अर्थखात्याचा प्रधान सचिव आला. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर आले. महान्यायवादी सेटलवाड आयोगाला मदत करत होते. मंत्री म्हणाले, मी या व्यवहाराला मंजुरी दिली नाही. सचिव म्हणाले, मंत्र्यांच्या संमतीनेच झाले. बंद खोलीत जे एकमेकांना सांभाळून घेतात, ते उघड्या सुनावणीत एकमेकांविरुद्ध बोलू लागले.

सुमारे महिनाभरात काम आटोपले. १० फेब्रुवारी १९५८ रोजी अहवाल सादर झाला. छागलांनी निष्कर्ष काढला की व्यवहार धंद्याच्या रीतीला धरून नव्हता, गुंतवणूक समितीला डावलले गेले, आणि सचिवाने केलेल्या कृत्याची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याला झटकता येणार नाही. मंत्र्याने स्वतः पैसे खाल्ले असे आयोगाने म्हटले नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण ‘मला माहीत नव्हते’ हा बचाव पुरेसा नाही, हे तत्त्व कागदावर आले. त्याच महिन्यात अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला.

पुढे काय झाले

बहुतेक पुस्तकांत गोष्ट इथे संपते. ‘लोकशाहीचा विजय’ असे म्हणून पान उलटले जाते. आम्ही पान उलटणार नाही.

अधिकाऱ्यांच्या वर्तनाची चौकशी करण्यासाठी न्या. विवियन बोस यांच्या अध्यक्षतेखाली वेगळे मंडळ नेमले गेले. तिथून पुढे फायली लोकसेवा आयोगाकडे गेल्या, शेरे-प्रतिशेरे झाले, आणि लोकांचे लक्ष हळूहळू दुसरीकडे गेले. कृष्णम्माचारी १९६२ मध्ये पुन्हा केंद्रीय मंत्रिमंडळात आले आणि १९६३ मध्ये पुन्हा अर्थमंत्री झाले. एच. एम. पटेल सेवेतून बाहेर पडले, राजकारणात आले आणि १९७७ मध्ये जनता सरकारचे अर्थमंत्री झाले. ज्या खात्याच्या दारात हे प्रकरण घडले त्याच खात्याच्या खुर्चीवर मंत्रीही परतले आणि सचिवही.

कोणाला आयुष्यभर वाळीत टाका, असे आम्ही म्हणत नाही. बहिष्काराचा अर्थ आमच्याइतका कोणाला माहीत असणार? आमचा मुद्दा असा की राजीनाम्याला आपण न्याय समजलो. राजीनामा म्हणजे खुर्ची सोडणे. हिशेब म्हणजे काय घडले, कोणी केले, किती नुकसान झाले, ते कसे भरून निघाले आणि पुन्हा होऊ नये म्हणून नियमात काय बदलले, याची जाहीर उत्तरे. राजीनामा एका दिवसात देता येतो. हिशेबाला चिकाटी लागते.

याच्या सहा वर्षे आधीचे एक प्रकरण शेजारी ठेवून पाहा. १९५१ मध्ये मुंबईचे खासदार एच. जी. मुदगल यांनी मुंबईच्या सराफ व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेऊन संसदेत तिचे काम केल्याचा आरोप झाला. हंगामी संसदेने आपल्याच सदस्यांची समिती नेमली. तिचे अध्यक्ष कोण होते? हेच टी. टी. कृष्णम्माचारी. समितीने साक्षी घेतल्या आणि मुदगल यांना दोषी ठरवले. सप्टेंबर १९५१ च्या शेवटच्या आठवड्यात त्यांना काढून टाकण्याचा ठराव नेहरूंनी मांडला. मतदानापूर्वीच मुदगल यांनी राजीनामा दिला. तरी सभागृह थांबले नाही. हा सदस्य काढून टाकण्याच्याच लायकीचा होता, असा ठराव करून ते नोंदीत आणले. त्याच आठवड्यात, २७ सप्टेंबरला, बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावरून मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला होता. तोही राजीनामाच. पण बाबासाहेब गप्प बसले नाहीत. आपण का जात आहोत याचे सविस्तर निवेदन त्यांनी लोकांसमोर ठेवले. हिशेबासकट दिलेला राजीनामा तो असा असतो.

मुदगल साधे खासदार होते. त्यांच्या बाबतीत सभागृहाने शेवटचे पाऊलही टाकले. मंत्री आणि सचिव यांच्या बाबतीत मात्र पाऊल अर्ध्यावर राहिले. खालच्याला काटेकोर नियम आणि वरच्याला सवलत, ही रीत आपल्याला गावगाड्यापासून ओळखीची आहे.

रोजचा हिशेब आणि पाच वर्षांचा हिशेब

४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी संसदीय पद्धत का निवडली ते सांगितले. सरकारकडून दोन गोष्टी हव्या असतात, स्थैर्य आणि जबाबदारी. दोन्ही सारख्या प्रमाणात मिळत नाहीत. अमेरिकी पद्धत स्थैर्याला झुकते, आपण जबाबदारीला जास्त मान दिला आहे. संसदीय पद्धतीत जबाबदारीची तपासणी दोनदा होते. निवडणुकीत मतदार करतात ती ठराविक काळाने, आणि प्रश्न, ठराव, स्थगन प्रस्ताव, अविश्वास प्रस्ताव यांतून सदस्य करतात ती रोज. रोजची तपासणी जास्त परिणामकारक असते, असे बाबासाहेबांचे मत होते.

३० मे १९४९ रोजी महालेखापरीक्षकाच्या कलमावर चर्चा झाली तेव्हा ते आणखी पुढे गेले. संविधानातला हा बहुधा सर्वात महत्त्वाचा अधिकारी आहे आणि त्याचे कर्तव्य न्यायव्यवस्थेच्या कर्तव्याहूनही मोठे आहे, असे त्यांनी सांगितले. हे बोलणारा माणूस सार्वजनिक वित्ताचा डॉक्टर होता. प्रांतिक वित्तव्यवस्थेवर त्यांनी प्रबंध लिहिला होता. सभागृहाने मंजूर केलेला पैसा त्याच कामावर खर्च झाला की नाही, हे पाहणारा स्वतंत्र माणूस नसेल तर मतदानाचा हक्क पोकळ होतो, हे त्यांना कळत होते.

म्हणूनच कलम १५१ आहे. राज्याच्या हिशेबांवरचा महालेखापरीक्षकाचा अहवाल राज्यपालांकडे जातो आणि विधिमंडळासमोर ठेवावाच लागतो. तिथे लोकलेखा समिती आहे. महामंडळांसाठी सार्वजनिक उपक्रम समिती आहे. आपल्या योजनांसाठी अनुसूचित जाती कल्याण समिती आहे. सचिवाला समोर बसवून विचारण्याचा अधिकार या समित्यांना आहे. २०११ मध्ये दिल्लीत उपोषणाचा मोठा गाजावाजा झाला तेव्हा आपल्यातले अनेकजण त्यापासून दूर राहिले. सभागृहाला बाजूला सारून व्यासपीठावरच्या एका माणसाकडे देश सोपवू नका, व्यक्तिपूजा राजकारणात घातक आहे, असे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बजावले होते. पण दूर राहणे पुरेसे नव्हते. आपली साधने आपण वापरली का, हा प्रश्न शिल्लक राहतो.

महाराष्ट्राचा अनुभव

मुंदडा प्रकरणानंतर चिंतामणराव देशमुखांनी उच्चपदस्थांवरील तक्रारींसाठी कायमस्वरूपी निःपक्ष न्यायाधिकरणाची मागणी केली. ती तेव्हा मान्य झाली नाही. पुढे प्रशासकीय सुधारणा आयोगाने लोकपाल-लोकायुक्त सुचवले आणि महाराष्ट्राने १९७१ मध्ये कायदा करून १९७२ पासून लोकायुक्त सुरू केला. देशात प्रत्यक्ष काम सुरू करणारे हे पहिले राज्य. पण त्या कायद्याने लोकायुक्ताला शिफारशीपुरताच अधिकार दिला आणि मुख्यमंत्र्यांना कक्षेबाहेर ठेवले. पहारेकरी नेमला, पण त्याच्या हातात काठी दिली नाही.

मग सिंचनाचा विषय आला. २०११-१२ च्या आर्थिक पाहणीतून दहा वर्षांत सिंचनक्षेत्र जेमतेम ०.१ टक्का वाढल्याचे दिसले आणि हजारो कोटी गेले कुठे हा प्रश्न उभा राहिला. मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी पत्र लिहून कामांतले दोष दाखवले. सप्टेंबर २०१२ मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी राजीनामा दिला, आणि श्वेतपत्रिका निघाल्यावर डिसेंबर २०१२ मध्ये ते त्याच पदावर परतले. माधवराव चितळे समितीचा अहवाल जून २०१४ मध्ये विधिमंडळात ठेवला गेला. २०१९ च्या अखेरीस लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने त्यांच्यावर ठपका येत नसल्याचे उच्च न्यायालयात सांगितले. दोषी कोण हे ठरवणे आमचे काम नाही. पण १९५८ ची मुंबई आठवा. तेव्हा मंत्री आणि सचिव यांची साक्ष सामान्य माणसाने स्वतःच्या कानांनी ऐकली होती. सिंचनाच्या बाबतीत दुष्काळी तालुक्यातल्या शेतमजुराने काय ऐकले? विधिमंडळाच्या समित्यांचे कामकाजही बंद दाराआड चालते. अहवाल येतो तोवर विषय थंड झालेला असतो.

आरोपी आपला असेल तेव्हा

आता कडू भाग. १९८५ मध्ये मातंग समाजाच्या उन्नतीसाठी लोकशाहीर अण्णाभाऊ साठे विकास महामंडळ स्थापन झाले. बँक ज्याला उंबऱ्यात उभे करत नाही त्याला धंद्यासाठी कर्ज मिळावे, हा हेतू. शिरोलीसारख्या एमआयडीसीत एखाद्या तरुणाला जुने लेथ मशीन घेऊन जॉबवर्क सुरू करायचे असेल, तर त्याला आधार अशाच महामंडळाचा. ऑगस्ट २०१५ मध्ये याच महामंडळाचे माजी अध्यक्ष आणि तेव्हाचे आमदार रमेश कदम यांना निधीच्या अपहाराच्या आरोपावरून सीआयडीने अटक केली. आरोप तीनशे कोटींच्या वरचा होता. आरोप खरा की खोटा हे न्यायालयाचे काम. आमचा प्रश्न वेगळा आहे. एवढा पैसा एका दिवसात हलत नाही. महामंडळ ही सरकारी कंपनी आहे. तिचा वार्षिक अहवाल आणि हिशेब विधिमंडळात ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. राज्यातल्या सरकारी उपक्रमांचे हिशेब वर्षानुवर्षे थकतात, हे महालेखापरीक्षकांनी पुन्हा पुन्हा लिहिले आहे. ते वाचून सभागृहात उभे राहणारा कोणी नव्हता का? राखीव मतदारसंघांतून निवडून गेलेले आमदार काय करत होते? आणि आपण, त्यांना निवडून देणारे, त्यांना काय विचारत होतो?

अशा वेळी आपल्यात एक वाक्य ऐकू येते, ‘आपल्या माणसाला मुद्दाम अडकवले’. कधी ते खरेही असते. वरच्या जातींतले घोटाळे पचतात आणि आपल्या माणसाची लगेच धिंड निघते, हा अनुभव खोटा नाही. पण यावरचा उपाय आपल्यालाही सवलत द्या असा नाही. सगळ्यांची चौकशी सारख्याच उघडपणे करा, ही आपली मागणी असली पाहिजे. उघड्या सुनावणीत निर्दोष माणूस सुटतो. बंद खोलीत तो सुटत नाही आणि दोषी अडकत नाही. आणि लक्षात ठेवा, ज्याच्या घरी शेती-वाडे आहेत त्याला सरकारी पैसा बुडाला तरी फरक पडत नाही. ज्याची शिडी फक्त सरकारी पैशाची आहे, त्याच्यासाठी तो चोरणारा कोणत्याही जातीचा असो, शिडी तोडणाराच असतो.

शिरोलीतून काय करता येईल

कोल्हापूरला हिशेब मागणे शिकवावे लागत नाही. आयआरबीच्या टोलविरुद्ध इथली जनता वर्षानुवर्षे लढली. शिरोली नाका त्या लढ्याचा साक्षीदार आहे. लोक फक्त ‘टोल नको’ म्हणत नव्हते. रस्त्यावर खरोखर किती खर्च झाला, त्याचे फेरमूल्यांकन करा, असे म्हणत होते. डिसेंबर २०१५ मध्ये सरकारला टोल रद्द करण्याचा निर्णय जाहीर करावा लागला. हाच प्रश्न आपल्या योजनांच्या निधीबाबत का विचारू नये?

म्हणून प्रत्येक वस्तीत, प्रत्येक अभ्यासवर्गात ही कामे हाती घ्या. महालेखापरीक्षकांचे अहवाल संकेतस्थळावर मोफत मिळतात. त्यातला समाजकल्याण आणि महामंडळांचा भाग गटाने वाचा. त्यातून दोन नेमके प्रश्न काढा आणि आपल्या आमदाराला लेखी द्या. अधिवेशनात ते विचारले गेले का, ते तपासा. विचारले नसतील तर तेही जाहीर करा. विधिमंडळाची अनुसूचित जाती कल्याण समिती जिल्ह्याच्या दौऱ्यावर येते तेव्हा हार घालायला जाऊ नका, निवेदन आणि माहिती अधिकारात मिळालेले कागद घेऊन जा. आणि एक मागणी राज्यभर लावून धरा. उच्चपदस्थांच्या साक्षी समित्यांनी उघडपणे घ्याव्यात आणि अहवालावर सरकारने काय कारवाई केली ते मुदतीत सभागृहात सांगावे.

शिरोली ज्या हातकणंगले तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात माणगाव आहे. २१ आणि २२ मार्च १९२० रोजी तिथे परिषद झाली. शाहू महाराज तिथे आले आणि तुम्हाला तुमचा नेता मिळाला आहे, असे त्यांनी बाबासाहेबांकडे पाहून समाजाला सांगितले. त्या नेत्याने आपल्याला मागायला नाही, विचारायला शिकवले. कामगाराच्या हप्त्यातला रुपया असो की महामंडळातला कोटी, तो आपला आहे, आणि त्याचा हिशेब विचारणे हा आपला हक्क आहे. पुढच्या वेळी कोणी मंत्री किंवा सचिव राजीनामा देईल तेव्हा फटाके वाजवू नका. अहवाल कुठे आहे, ते विचारा.

जय भीम! जय संविधान!